सिल्व्हर मॉलला जाताना खिशात पेनड्राइव्ह ठेवा

इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कुठल्याही दुकानदाराला विचारा, "भैया, लिनक्स चलेगा इसपे?" उत्तर ठरलेलं: "चलेगा सर, सब चलता है." तो खोटं बोलत नसतो. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली, जवळपास कुठल्याही लॅपटॉपवर सुरू होतंच. खरी परीक्षा पुढे असते. झाकण मिटल्यावर मशीन झोपतं का, झोपलेलं पुन्हा उठतं का, वायफाय मधेच तुटतं का, स्पीकर बोलतात का, ॲडॅप्टर लावलेला असूनही सगळं गोगलगाईसारखं का चाललंय? हे आतल्या चार-पाच चिपांवर आणि बायोसवर (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा अंगभूत प्रोग्राम) ठरतं, आणि त्यांची नावं डब्यावर छापलेली नसतात. म्हणून अमुक मॉडेल घ्या असं सांगण्यापेक्षा समोरचं मशीन तपासायचं कसं, हे सांगणं जास्त कामाचं.

आधी बाजाराचं थोडं. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप कंपन्यांनी काढून टाकले आणि ते लॉटच्या लॉट सेकंडहँड बाजारात आले. लिनक्सला ही अट नाही, म्हणून स्वस्तात हात मारला असं वाटतं. जरा थांबा. सातव्या पिढीच्या आय५-७३००यू मध्ये कोअर दोनच असतात. आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू किंवा ८३५०यू मध्ये चार. आजच्या ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून मीटिंग चालू केली की हा फरक लगेच जाणवतो. सहाव्या पिढीत आणखी एक उणीव आहे: यूट्यूब ज्या व्हीपी९ स्वरूपात व्हिडिओ पाठवतं, ते उलगडायची पूर्ण सोय तिच्या ग्राफिक्समध्ये नाही. मग ते काम प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंघावतो आणि बॅटरी उतरते. सातव्या पिढीपासून ही सोय आहे. भावात दोन-चार हजारांचाच फरक असेल तर आठवी पिढी घ्या, त्यात फार विचार करण्यासारखं नाही.

घ्यायचं ते ऑफिस श्रेणीतलं: लेनोव्होची थिंकपॅड टी मालिका, डेलची लॅटिट्यूड ५००० आणि ७००० मालिका, एचपीची एलिटबुक ८०० मालिका. कारण ब्रँडचं कौतुक नव्हे. ही मशीनं कंपन्या एकगठ्ठा घेतात, त्यामुळे एका मॉडेलचे भाग वर्षभर फारसे बदलत नाहीत आणि सुटे भाग पुढची अनेक वर्षं मिळतात. उघडायचं कसं याचं मॅन्युअल कंपनीच जाहीर करते. लिनक्सवर काम करणाऱ्या बऱ्याच लोकांच्या टेबलावर हीच मशीनं असतात, म्हणून चुका लवकर सापडतात आणि लवकर सुधारतात. शिवाय बायोसचे अपडेट विंडोजशिवाय मिळतात. लिनक्समधली एफडब्ल्यूअपडी ही सेवा एलव्हीएफएस नावाच्या भांडारातून फर्मवेअर, म्हणजे बायोस आणि चिपांच्या आतले प्रोग्राम, आणते. डेल तिथे आधीपासून आहे, लेनोव्हो २०१८ मध्ये आलं. घरगुती श्रेणीतल्या लॅपटॉपचं बायोस बहुतेक वेळा फक्त विंडोजमधून अपडेट होतं, आणि विंडोज काढून टाकलं की तुम्ही अडकता.

आठव्या पिढीत थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, आणि एलिटबुक ८४० जी५ या मशीनांवर डोळे मिटून नाही, पण अर्धे मिटून विश्वास ठेवायला हरकत नाही. या सगळ्यांत रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८०एस दिसायला तसंच, पण पातळ, आणि त्यात एक रॅम बोर्डावर पक्की बसवलेली असून स्लॉट एकच आहे. एक्स२८० आणि एक्स१ कार्बनमध्ये तर सगळीच रॅम पक्की. आठ जीबीचं एक्स२८० घेतलं तर ते आयुष्यभर आठ जीबीचंच राहणार. रॅमचे भाव अलीकडे चांगलेच चढलेत, तेव्हा सोळा जीबी आधीच बसवलेलं मशीन मिळालं तर पाचशे-हजारासाठी सोडू नका.

नवीन लॅपटॉपच घ्यायचा असेल तर दोन भ्रम आधी काढून टाका. पहिला, "डॉस वाला" किंवा फ्रीडॉससह येणारा लॅपटॉप लिनक्सला चांगला असतो हा. फ्रीडॉस म्हणजे विंडोजचे पैसे घेतले नाहीत, एवढंच. आत चिपा त्याच. दुसरा, उबंटू या लिनक्ससह विकला म्हणजे सगळं सुरळीत हा. तो विशिष्ट संच त्या विशिष्ट उबंटूवर चालतो, इतकंच त्यातून कळतं. नव्या मशीनचा साधा नियम असा: बाजारात येऊन साधारण वर्ष झालेलं मॉडेल आणि ताजं कर्नल (लिनक्सचा गाभा). अगदी नव्या चिपेचा ड्रायव्हर कर्नलमध्ये येऊन स्थिरावायला तेवढा वेळ जातोच. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्सवर चालणारे लॅपटॉप दिसायला देखणे आहेत, बॅटरीही छान देतात, पण लिनक्ससाठी आत्ता घेऊ नका.

वायफाय

सगळ्यात जास्त रडगाणी इथली असतात. ऑफिस श्रेणीतही वायफाय हा अपवाद: एकाच मॉडेलमध्ये कंपनी तीन वेगवेगळ्या चिपा घालते आणि मॉडेलचं नाव तेच ठेवते. थिंकपॅड टी१४ च्या एएमडी आवृत्तीत कधी इंटेल, कधी रिअलटेक, कधी मीडियाटेक. काही लॅटिट्यूडमध्ये इंटेलऐवजी क्वालकॉम. मित्राचं त्याच मॉडेलचं मशीन मस्त चालतं म्हणून तुमचंही चालेल असं अजिबात नाही. लेनोव्होची पीएसआरईएफ ही माहितीची साइट आणि एचपीची क्विकस्पेक्स पत्रकं यांत मॉडेलमध्ये काय काय असू शकतं ते दिलेलं असतं. तुमच्या हातातल्या मशीनमध्ये नेमकं काय आहे, हे मात्र मशीनच सांगतं.

इंटेलची कार्डं बरी. ८२६५, ९२६०, एएक्स२००, एएक्स२१० यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत आणि फर्मवेअर प्रत्येक मोठ्या वितरणाबरोबर (उबंटू, फेडोरा असे लिनक्सचे तयार संच) येतं. रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीई ने मोठा काळ लोकांना छळलं: ड्रायव्हर बाहेरून आणून बांधायचा, आणि कर्नल अपडेट झालं की पुन्हा बंद. आता तो कर्नलच्या आत आहे, पण जुन्या उबंटूवर बसलात तर हाच अनुभव आजही मिळेल. मीडियाटेकची एमटी७९२१ चालते. एमटी७९०२ ला बराच काळ ड्रायव्हरच नव्हता. ती दिसली की पुढच्या दुकानात जा.

ऑफिस श्रेणीत कार्ड बहुधा छोट्या एम.२ स्लॉटमध्ये असतं, म्हणजे नको ते काढून इंटेलचं बसवता येतं. बॅटरी आधी सोडवायची, दोन अँटेनांच्या टोप्या नखाने सरळ वर उचलायच्या, एक स्क्रू काढायचा, झालं. पण विकत घेताना एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. ९५६०, एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं अर्धवट आहेत. त्यांचं निम्मं काम इंटेलच्या त्या-त्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये होतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये एएक्स२०१ घातलं तर ते अजिबात दिसणारच नाही, आणि दुकानदार "कार्ड तो नया है" म्हणत बसेल. एएक्स मालिकेत शेवटी शून्य असलेली, म्हणजे एएक्स२०० आणि एएक्स२१०, ही स्वतंत्र कार्डं आहेत आणि कुठेही चालतात. अँटेनाच्या टोप्या फार नाजूक असतात. तिरप्या दाबल्या तर आतली पिन वाकते आणि वायफाय फक्त राउटरच्या शेजारी चालतं. बसवताना टोपी अगदी मधोमध ठेवून बोटाने हलकेच दाबायची, टक् असा आवाज येतो. टी४३० किंवा एक्स२३० सारख्या जुन्या थिंकपॅडमध्ये बायोस परकं कार्ड स्वीकारतच नाही, तिथे हा उपाय चालत नाही.

ग्राफिक्सचं लवकर आटपतं. इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स असेल तर काही करावंच लागत नाही. एनव्हिडिया फक्त खरी गरज असेल तर घ्या, म्हणजे कुडा (एनव्हिडियावर मोठी गणितं चालवायची सोय), थ्रीडी किंवा गेम. एनव्हिडियाचा ड्रायव्हर आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं बायोसचं कुलूप) दोन्ही चालू ठेवायचं असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर चावी नोंदवायला सांगतात. तो निळा पडदा घाईत एंटर मारून घालवला की ड्रायव्हर लोडच होत नाही. मग दोन दिवस "लिनक्समध्ये एनव्हिडिया चालत नाही" असं चालतं.

झोप

लॅपटॉपची झोप दोन प्रकारची. जुनी एस३: रॅम सोडून सगळं बंद. नवी एस२आयडल: मशीन तांत्रिकदृष्ट्या जागंच, फक्त सगळे भाग डुलक्या घेत असतात. एखादा भाग डुलकी घेत नसेल, समजा एसएसडी किंवा कार्ड रीडर, तर बॅगेत ठेवलेलं मशीन तापत राहतं. रात्रीच्या बसने इंदूरहून पुण्याला निघालात तर सकाळी स्वारगेटला बॅटरी शून्यावर आलेली असते. टी४८० च्या पिढीत एस३ आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती नाहीच. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये, उदाहरणार्थ टी१४ च्या पहिल्या आवृत्तीत, स्लीप स्टेट या नावाची निवड असते. तिथे लिनक्स निवडलं की एस३ मिळते.

तपासायला सोपं आहे. सिस या फोल्डरखाली पॉवरमध्ये मेम_स्लीप नावाची फाइल असते. ती वाचली की उपलब्ध प्रकार दिसतात आणि चालू असलेला चौकटी कंसात असतो. डीप दिसलं म्हणजे एस३ आहे. नुसतं एस२आयडल दिसलं म्हणून लगेच नाही म्हणू नका, पण ते मशीन दुकानातून उचलण्याआधी झोपवून बघायलाच हवं. एएमडी रायझनचंही तसंच: चार हजारी मालिकेच्या टी१४ मध्ये एस३ मिळते, सहा हजारीपासून पुढे फक्त एस२आयडल, आणि ती ताज्या कर्नलवर चांगली चालते.

कॅमेऱ्याचा घोळ मुख्यतः बाराव्या पिढीपासूनचा. काही महागड्या पातळ लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीला न जोडता थेट प्रोसेसरमधल्या आयपीयू६ या भागाला जोडलाय आणि लिनक्समध्ये तो चालवणं ही डोकेदुखी आहे. यूएसबीच्या साध्या कॅमेऱ्याला काही होत नाही. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर चालला तर बोनस समजा. टी४८० मधला सरळपणे चालत नाही. स्पीकरच्या बाबतीत नव्या मशीनांत वेगळी ॲम्प्लिफायर चिप असते, आणि तिचं फर्मवेअर नसलं तर आवाज येतो पण विहिरीतून आल्यासारखा.

दुकानातली वीस मिनिटं

घरूनच एक पेनड्राइव्ह तयार करून न्या, आठ जीबीचा पुरतो. उबंटू, फेडोरा किंवा लिनक्स मिंट यांपैकी एक थेट लिहा. व्हेन्टॉय वापरला तर एका मोठ्या पेनड्राइव्हमध्ये चार आयएसओ (लिनक्सच्या इन्स्टॉल फाइली) राहतात, पण सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर तो आधी चावी नोंदवायला लावतो, आणि दुकानदारासमोर ती कसरत नको. उबंटू-फेडोरा-मिंट सिक्युअर बूट चालू असताना तसंच बूट होतं. काही नव्या थिंकपॅडमध्ये मात्र बायोसमधली "थर्ड पार्टी" सर्टिफिकेटला परवानगी देणारी निवड चालू करावी लागते, नाहीतर पेनड्राइव्ह नाकारला जातो. दुकानातल्या मशीनमध्ये विंडोज असेल तर विचारल्याशिवाय बायोसमध्ये काही बदलू नका. सिक्युअर बूट बंद केलं आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असलं तर विंडोज ४८ आकडी चावी मागतं, जी दुकानदाराकडे नसते.

पहिली तपासणी बायोसमध्ये, लिनक्सच्याही आधी. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. आत जाताना पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा. कंपनीने लावलेला सुपरव्हायजर पासवर्ड बॅटरी काढून जात नाही; "निकाल देंगे सर, दो दिन में" या आश्वासनावर पैसे देऊ नका. सिक्युरिटीच्या पानावर ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस ही चोरीविरोधी सेवा शोधा. ते कायमचं चालू असं दिसलं तर मशीन आधीच्या मालकाच्या खात्याला बांधलेलं आहे. पडद्यावरचा सिरियल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा जुळतो का तेही बघा. जुळत नसेल तर बोर्ड किंवा खालचं झाकण बदललेलं आहे.

मग पेनड्राइव्हवरून बूट. थिंकपॅड आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही कमांड एनएनके या पर्यायासह चालवा. महत्त्वाच्या प्रत्येक भागाखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ हवी. नेटवर्क किंवा ऑडिओच्या खाली ती नसेल तर ती चिप अनाथ आहे. नंतर डीएमईएसजी ही कमांड चालवून "फर्मवेअर" हा शब्द शोधा. लाल अक्षरात फाइल सापडली नाही असं म्हणत असेल तर त्याच वितरणाची ताजी आवृत्ती घरी नक्की वापरून बघायची, हे डोक्यात ठेवा.

फोनचा हॉटस्पॉट पाच गिगाहर्ट्झवर लावून मोठी फाइल उतरवायला लावा आणि ती उतरत असताना बाकीची कामं करा. यूट्यूब लावून आवाज ऐका, इयरफोन लावून काढा, माइक तपासा. लिहायच्या खिडकीत एकेक कळ दाबत जा. डाव्या-उजव्या शिफ्ट, एंटर आणि स्पेसच्या दोन्ही टोकांवर विशेष लक्ष, कारण झिजतात त्याच. पडदा पूर्ण पांढरा करून खालच्या कडेला दाब पडल्याचे डाग शोधा. टी४८० मध्ये पडदे अनेक प्रकारचे आले. बाजूने बघितल्यावर रंग उलटे दिसत असतील तर तो टीएन पडदा, दिवसभर लिहिणाऱ्याने घेऊ नये.

टाइप-सीचं प्रत्येक पोर्ट चार्जर लावून बघा. टी४८० च्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये एक दोष होता, ज्यामुळे काही काळाने टाइप-सीने चार्जिंगच बंद व्हायचं. लेनोव्होने दुरुस्ती दिली, पण ती आधीच्या मालकाने बसवली असेलच असं नाही. चार्जिंग नीट होत असेल तर घरी आल्यावर ते अपडेट सगळ्यात आधी. आधीच बंद पडलेलं असेल तर बोर्डावरची चिप पुन्हा लिहावी लागते, म्हणजे मशीन नकोच.

झोपेसाठी आरटीसीवेक ही कमांड आहे. साठ सेकंद झोपून आपोआप ऊठ, असं तिला सांगता येतं. तीन वेळा झोपवा. उठल्यावर वायफाय जोडलं जातं का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, टचपॅड हलतो का ते बघा. पहिल्यांदा उठून दुसऱ्यांदा काळा पडदा देणारी मशीनं असतात, म्हणून तीनदा. पेनड्राइव्हच उठला नाही म्हणून सगळं गोठलं, असंही होतं. शंका वाटली तर उबंटू किंवा मिंट बूट करताना "टूरॅम" हा पर्याय देऊन सगळं रॅममध्ये घ्या आणि पेनड्राइव्ह काढून मग पुन्हा झोपवा.

बॅटरीसाठी यूपॉवर ही कमांड. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता दोन्ही वॅट-तासांत येतात. मूळ ४८ आणि आता ३१ असेल तर ती ६५ टक्क्यांवर आलीय, आणि नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापायला सांगायचं. टी४८० मध्ये बॅटऱ्या दोन असतात, आत २४ वॅट-तासांची आणि मागे काढता येणारी. दुकानदार मागची नवी लावतो आणि आतली मेलेली तशीच ठेवतो. दोन्हींचे आकडे वेगवेगळे वाचा. एसएसडीसाठी स्मार्टसीटीएल. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये ते नसलं तर हॉटस्पॉटवरून मिनिटभरात बसतं. "पर्सेंटेज यूज्ड" शंभराच्या जवळ असेल तर कंपनीने ठरवलेलं आयुष्य संपत आलंय. मॉडेलचं नावही वाचा. मूळची चांगली एसएसडी काढून बिननावाची घालणं, हा या धंद्यातला अगदी नेहमीचा खेळ.

ॲडॅप्टर

शेवटची तपासणी ॲडॅप्टरची, आणि याच्यामुळे लिनक्स फुकट बदनाम होतं. डेलच्या गोल पिनीच्या मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. त्यातून ॲडॅप्टर आपण किती वॅटचे हे लॅपटॉपला सांगतो. ती पिन वाकली किंवा डुप्लिकेट ॲडॅप्टरमध्ये ती चिपच नसली, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि प्रोसेसर ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर अडकून पडतो. चालू करताना पडद्यावर ॲडॅप्टर ओळखता आला नाही अशी इंग्रजी ओळ क्षणभर येते आणि आपण ती एफ१ दाबून घालवतो. मग मिंट टाका, डेबियन टाका, सगळंच रखडतं. प्रॉक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो या फाइलमध्ये प्रत्येक कोअरचा वेग दिसतो. काम देऊनही तो वर चढत नसेल तर वितरण बदलू नका, ॲडॅप्टर बदला. जेल रोडवर कुठलाही ॲडॅप्टर मिळेल, पण डेल आणि एचपीसाठी ओरिजिनलच मागा, आणि तिथेच लावून बायोसमध्ये वॅट दिसतात का ते वाचून घ्या.

तीन पिनी ॲडॅप्टरला दोन पिनी सॉकेटचा जुगाड केला, किंवा घरात अर्थिंगच नसलं, तर धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि टचपॅडचा बाण स्वतःच थरथरतो. जुन्या वाड्यांमध्ये हे सर्रास होतं. चार्जर काढल्यावर बाण शांत झाला तर ड्रायव्हर शोधत बसायची गरज नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

घरी आल्यावर

आधी एफडब्ल्यूअपडीने सगळं फर्मवेअर अपडेट करा, बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असताना. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज "रेड" किंवा "आरएसटी" वर आहे, ते "एएचसीआय" करा. शेजारी विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल करण्याआधी विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये बूट व्हायला सांगून ठेवायचं, नाहीतर ते निळ्या पडद्यावर थांबतं. त्याचं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर लिनक्समध्ये विंडोजचं पार्टिशन फक्त वाचायला मिळतं.

कुठलं वितरण, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षांपेक्षा जुन्या मशीनवर डेबियन १३ किंवा मिंट, नव्यावर फेडोरा. डेबियन १२ पासून वायफायचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे जुनी रड संपलीय. ओपनबीएसडी (लिनक्सहून वेगळी, पण तशीच मोफत प्रणाली) चालवणाऱ्यांनी थिंकपॅडच घ्यावा, पण त्यात ब्लूटूथ नाही आणि एनव्हिडियाही चालत नाही, हे आधीच मान्य करून. मराठीसाठी सेटिंगच्या कीबोर्ड विभागात मराठी इनस्क्रिप्ट निवडा. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन बसवून फोनेटिक घ्या. दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात.

बहुतेकांचा लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो. शंभर टक्क्यांवर आणि उष्णतेत बॅटरी लवकर फुगते, आणि मे महिन्यात इंदुरात दोन्ही एकदम होतं. टीएलपी हे बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवून चार्जिंग ७५ ला सुरू आणि ८० ला बंद अशी मर्यादा घाला. थिंकपॅडमध्ये ती थेट लागते. लॅटिट्यूड आणि एलिटबुकमध्ये बायोसमध्येच तशी निवड शोधा. टी४८० आणि त्याच्या भावंडांत लिनक्सवर प्रोसेसर ८० अंशांनाच आपला वेग उतरवतो, अशी एक जुनी तक्रार आहे. थ्रॉटल्ड नावाची सेवा ती मर्यादा वर नेते. पण आधी पंख्यातली धूळ काढा आणि थर्मल पेस्ट बदला. सात वर्षांची पेस्ट वाळून खडू झालेली असते, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

घरच्या प्रिंटरकडेही एक नजर टाका, कारण लॅपटॉप घेतल्यावर पहिला फोन त्याच्यासाठीच येतो. कॅननचा एलबीपी२९०० आपल्याकडे सीए ऑफिसपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे आहे, आणि लिनक्सवर तो चालवणं जिकिरीचं. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, मात्र एचपीलिप या एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरचं प्लगइन बसवावं लागतं, कारण त्याला प्रत्येक वेळी चालू केल्यावर फर्मवेअर पाठवावं लागतं.

आणि बिल. त्यावर सिरियल नंबर, रॅम, एसएसडीचं नाव आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. तोंडी "पंधरा दिन की है सर" कामाला येत नाही. त्या दिवसांत मेमटेस्ट रात्रभर चालवा, कारण एखादाच बिट चुकणारी रॅम दुकानातल्या वीस मिनिटांत सापडत नाही. एका रात्री शंभर टक्के चार्ज करून झाकण मिटून ठेवा आणि सकाळी किती उरलं ते बघा. एस३ मध्ये आठ तासांत चार-पाच टक्क्यांच्या फार पुढे जायला नको. वीस-पंचवीस टक्के उतरत असतील तर बायोस अपडेट करून पुन्हा एक रात्र ठेवा. तरीही तेच झालं, तर मुदत संपायच्या आत मशीन आणि बिल घेऊन परत जा.